वयनीच्या दुखण्याचं नाव

आमची वयनी एरवी मोजकं बोलायची, पण पोटात दुखायला लागलं की ती बोलत सुटायची. महिन्यातले काही दिवस असे यायचे की सकाळी चुलीपाशी तिचं बोलणं सुरू व्हायचं ते दुपारची भांडी घासून होईपर्यंत थांबायचं नाही. विषयाला काही धरबंध नसे. वेंगुर्ल्याच्या बाजारातलं खाजं, माहेरच्या विहिरीत पडलेलं मांजर, कुणा चुलतबहिणीच्या लग्नात आमटीला मीठ कमी पडलं होतं ते. ऐकायला कोणी नसलं तर ती कोंबड्यांशी बोले. आई म्हणायची, "आज हिचो रेडिओ लागलो." आम्ही हसायचो. वयनीही हसायची आणि हसताना ओट्याची कड इतकी घट्ट धरायची की बोटांची पेरं पांढरी पडायची. पुढे कधीतरी तिनं स्वतःच मला त्याचं कारण सांगितलं. "तोंड बंद केलंय तर कण्हूचो आवाज भायर येता, भावजी. बोलत रवलंय तर कोणाक कळणा नाय."

वयनी म्हणजे वहिनी. माझ्या थोरल्या भावाची बायको. आमचं घर देवगडच्या खाडीकाठी. दादा मच्छीमार ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, बाकीच्या खलाशांचा म्होरक्या. हंगामात तो घरी असण्यापेक्षा समुद्रावर जास्त असे. वडील आधीच गेलेले. मी तेव्हा कॉलेजात होतो, नंतर तळेऱ्याजवळच्या शाळेत मराठी शिकवायला लागलो. वयनी घरात आली तेव्हा घर म्हणजे आई, मी आणि अधूनमधून दादा. वयनीनं ते घर गाजावाजा न करता आपल्या हातात घेतलं. तिच्या कामाला आवाज नसायचा. पाणी भरलेलं दिसायचं, भरताना ती दिसायची नाही. भांडं आपटलं, कपाट जोरात लावलं, असं तिच्या हातून कधी झालं नाही. रागावली की ती अंगणातल्या अबोलीची वाळलेली फुलं खुडत बसायची, आणि झाड साफ झालं की तिचा रागही गेलेला असायचा.

मूल झालं नाही. आमच्याकडे ही गोष्ट बाई सोडून सगळ्यांच्या तोंडी असते. आईनं देवाला कौल लावला, बाळंतशोपांचा काढा दिला, कुणी सांगितलं म्हणून मालवणकडच्या एका वैद्याची पुडीही आणली. वयनी सगळं घ्यायची. पण तिचं म्हणणं दुसरंच होतं. मूल होत नाही हे तिला एवढं बोचत नव्हतं, जेवढं हे, की दुखतं म्हणून सांगितलं तर समोरचा लगेच मुलाचं बोलायला लागतो. "मी पोटाचा सांगतंय नि ह्ये पाळण्याचा बोलतत," असं ती एकदा माझ्या बायकोला म्हणाली होती. माझी बायको सुमन तेव्हा घरात नवी होती. तिनं ते मला सांगितलं, कारण तिला ते ऐकून कसंतरी झालं होतं.

सोनोग्राफी झाली होती. एकदा नव्हे, दोनतीनदा. प्रत्येक वेळी रिपोर्ट चांगला आला. वयनीला चांगल्या रिपोर्टची भीती वाटायची. रिपोर्ट चांगला आला की घरी परत येताना सगळे मोकळे व्हायचे, आणि ती एकटी आपलं दुखणं घेऊन खिडकीशी बसायची. पाळीत बायकांना दुखतंच, मनावर घेऊ नये, चालावं, गरम पाण्याची पिशवी घ्यावी, असं सगळे सांगायचे. ती चालायची. गरम पाण्याची पिशवी घेऊन घेऊन तिच्या ओटीपोटावरची कातडी काळवंडली होती, हे सुमनला दिसलं होतं.

मग एका डॉक्टरांनी सुचवलं की पिशवी काढून टाकू. ही पिशवी म्हणजे गर्भाशय. आमच्या भागातल्या बायका हा शब्द बाजाराच्या पिशवीइतक्या सहज वापरतात. डॉक्टर म्हणाले, नाहीतरी मूल होत नाही, वय वाढतंय, एकदा काढली की कटकट संपेल. दादा बोटीवर होता म्हणून मी बरोबर गेलो होतो. मला ते पटल्यासारखं झालं होतं, कारण कटकट संपेल हा शब्द ऐकायला बरा होता. वयनी बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग तिनं शुद्ध मराठीत, ती दवाखान्यात बोलायची तशा जपून जपून उच्चारलेल्या मराठीत, डॉक्टरांना विचारलं की मला नेमकं झालंय काय. डॉक्टर म्हणाले, रिपोर्टमध्ये तसं काही नाही. त्यावर ती उठली. "आधी काय झाला ता सांगा," ती म्हणाली, आणि या वेळी मालवणीतच म्हणाली, "मगे काय काडूचा ता काडा."

परतीच्या एसटीत तिनं मला तिच्या आईचं सांगितलं. तिची आई वेंगुर्ल्याला काजूच्या कारखान्यात कामाला होती. काजूच्या तेलानं तिची बोटं कायम काळी आणि सोललेली असायची. तीही पोट धरून कामावर जायची. तिची पिशवी वयनीच्या लहानपणीच काढली होती. "तरी ती दुखता दुखता म्हणतच गेली," वयनी म्हणाली. "काडलेली पिशवी परत दुखता काय, असा सगळे तिका हसत." एवढं बोलून ती बाहेर बघत बसली. 

पुढे एका वर्षी, दिवाळी होऊन गेल्यावर, दुपारी ती स्वयंपाकघरात कोसळली. पापलेटं कापायला घेतली होती, विळी तशीच उभी होती आणि ती बाजूला पडलेली. दादा समुद्रावर. शेजाऱ्यांची ओम्नी घेतली, मागच्या सीटवर आईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि मी गाडी थेट गोव्याच्या मोठ्या हॉस्पिटलच्या रस्त्याला लावली. आमच्याकडची माणसं मोठ्या दुखण्याला गोव्यालाच जातात. गाडीत बसल्यापासून वयनी बोलत होती. शिरगाव, नांदगाव, कणकवली, बोलणं चालूच. कारखान्याच्या भोंग्याचं, शाळेतल्या कवायतीचं, कुठल्याशा होडीवर रंगवलेल्या मोराचं. वाक्यं मध्येच तुटायची आणि दुसरीकडेच जोडली जायची. कुडाळ गेलं आणि झारापच्या पुढे कुठेतरी ती गप्प झाली.

गाडीत फक्त इंजिनाचा आवाज राहिला. मी आरशातून बघितलं. तिचे डोळे उघडे होते आणि ओठ घट्ट मिटलेले होते. मग आई, जिनं तिच्या बोलण्याला आयुष्यभर रेडिओ म्हटलं होतं ती माझी आई, तिच्या गालाला हात लावून म्हणाली, "बोल गो. काय तरी बोल. बोल गो बाय." बांद्यापर्यंत आई तेच म्हणत होती.

हॉस्पिटलात त्या दिवशी एक डॉक्टरबाई ड्यूटीवर होत्या. गोव्याच्याच, साधारण वयनीच्याच वयाच्या. त्यांनी हात लावण्याआधी प्रश्न विचारायला सुरुवात केली, आणि पहिल्या दोनतीन प्रश्नांनंतर मला बाहेर जायला सांगितलं. नंतर वयनीनं सुमनला सांगितलं की त्यांनी असं विचारलं जे तिला कुणी कधी विचारलं नव्हतं. पाळीत शौचाला बसताना दुखतं का. नवऱ्याजवळ जाताना दुखतं का. पाळी नसतानाही कंबरेत, मांडीत कळ येते का. घरात आईला, बहिणीला असा त्रास होता का. वयनी प्रत्येक प्रश्नाला होय म्हणत गेली. तिला आधी वाटलं, या बाईला कुणीतरी आपल्याबद्दल सांगून ठेवलंय.

त्याच दिवशी दुर्बिणीचं ऑपरेशन झालं. तिच्या एका अंडाशयात जुन्या रक्ताची गाठ झाली होती आणि ती फुटली होती. आत सगळं एकमेकांना चिकटलेलं होतं, आतडंसुद्धा. दुसऱ्या दिवशी दादा आला. बोट धक्क्याला लागल्या लागल्या तो निघाला होता, अंगाला मासळीचा वास तसाच. वॉर्डात तो तिच्या खाटेशी उभा राहिला, तिच्या हाताला लावलेल्या सलाईनकडे बघत राहिला, आणि बऱ्याच वेळानं म्हणाला, "जेवलंस?" तिला अजून पाणीही द्यायचं नव्हतं. तिनं मान हलवली, तो खाली जाऊन चहा घेऊन आला आणि तो चहा हातात धरून बसून राहिला. दादा असाच होता. वादळात बोट आणणारा माणूस, पण घरातल्या दुखण्यापुढे त्याची जीभ उचलायची नाही.

चार दिवसांनी वयनी उठून बसायला लागल्यावर डॉक्टरबाईंनी आम्हाला सगळं समजावलं. आई, दादा, मी, सगळे होतो. त्यांनी सांगितलं की गर्भाशयाच्या आत जे अस्तर असतं, जे दर महिन्याला पाळीतून बाहेर पडतं, तसलंच अस्तर काही बायकांच्या पोटात गर्भाशयाच्या बाहेर वाढतं. अंडाशयावर, आतड्यावर, कुठेही. पाळीच्या वेळी त्यातूनही आतल्या आत रक्त येतं, पण त्याला बाहेर यायला वाट नसते. मग सूज येते, गाठी होतात, अवयव एकमेकांना चिकटतात. सोनोग्राफीत ते दरवेळी दिसतंच असं नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं बायकांना रिपोर्ट चांगला आहे म्हणून घरी पाठवलं जातं. पिशवी काढली तरी बाहेर राहिलेलं दुखतच राहू शकतं. या शेवटच्या वाक्याला वयनीनं एकदम वर बघितलं. मला माहीत होतं ती कुणाचा विचार करत होती.

मग डॉक्टरबाईंनी त्या आजाराचं नाव सांगितलं. एंडोमेट्रिऑसिस. वयनीनं त्यांना ते परत म्हणायला लावलं, मग स्वतः म्हणून बघितलं. आणि मग म्हणाली, "म्हणजे मी खोटा सांगत नव्हतंय."

 तिला तोंडावर खोटारडी असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. म्हणायची गरज पडली नव्हती.

तिनं विचारलं की हे मला का झालं. मी चुकून काही खाल्लं, काही उचललं, काही पाप केलं? डॉक्टरबाई म्हणाल्या की तुम्ही काहीही केलं नाही. का होतं ते अजून कुणालाच पक्कं माहीत नाही. पाळीचं रक्त थोडं उलटं पोटात जातं म्हणून होतं, असं एक मत आहे, पण तसं तर पुष्कळ बायकांत होतं आणि त्यांना हा आजार होत नाही. घराण्यात असला तर जास्त दिसतो. शरीराची स्वतःला साफ करायची ताकद कुठेतरी कमी पडते का, हेही तपासतात. पूर्ण बरं करणारं औषध अजून नाही. गोळ्यांनी पाळी थांबवून त्रास कमी करता येतो. मला त्या बाईंचं कौतुक वाटलं. माहीत नाही असं इतक्या सरळ सांगणारा डॉक्टर मी तोवर पाहिला नव्हता.

तिथेच संशोधनाचा विषय निघाला. त्या आणि त्यांचे सहकारी या आजारावर काम करत होते. वयनीच्या पोटातून काढलेला थोडा भाग त्यांना जपून ठेवायचा होता, रक्ताचा नमुना हवा होता, आणि पुढची काही वर्षं मधूनमधून फोन करून तिची विचारपूस करायची होती. नाही म्हटलं तरी उपचारात काही फरक पडणार नाही, असं त्यांनी दोनदा सांगितलं. आई लगेच नको म्हणाली. पोटातलं काढून शीतकपाटात ठेवायचं ही कल्पना तिला भयंकर वाटली. वयनीनं मात्र एकच विचारलं.

"तेचो माका उपेग होतलो?"

"बहुतेक नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "अशा कामाला फार वेळ लागतो. आज ज्या मुली लहान आहेत, त्यांना झाला तर होईल."

वयनी आईकडे वळली. "माजे आयेच्या येळेक असा कोणी ठेवला असता तर?" तिनं विचारलं. मग तिनं सही केली, हळूहळू, पूर्ण नाव लिहून.

ती गोळ्या घ्यायला लागली आणि पाळी थांबली. दुखणं पूर्ण गेलं नाही. पण त्याची धार गेली. त्या वर्षी मला पहिल्यांदा कळलं की आमची वयनी गाणं म्हणते. तांदूळ निवडताना, एकटी असताना, अगदी हलक्या आवाजात. आई त्या आजाराला कायम गोव्याचा दुखणा म्हणायची, जणू तो तिथल्या हॉस्पिटलातच तयार झाला होता.

संशोधनाचे फोन वयनी फार मनावर घ्यायची. फोन येणार असला की ती केस विंचरून, कुंकू नीट करून माजघरात बसायची आणि आम्हा सगळ्यांना बाहेर काढायची. फोन करणारी मुलगी गोड होती, पण तिचा एक प्रश्न वयनीला छळायचा. शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही आणि दहा म्हणजे सहन होण्यापलीकडचं, तर या महिन्यात तुमचं दुखणं किती? पहिल्या वेळी वयनी इतका वेळ गप्प बसली की मुलीला वाटलं फोन कटला. मग आम्ही बाहेरून ऐकलं ते असं: "सहन होण्यापलीकडचा म्हणजे काय गो? मी तर सगळाच सहन केलंय. मगे धा कधी झाला म्हणान सांगू?"

 मुलीनं ते डॉक्टरबाईंच्या कानावर घातलं आणि दोनेक दिवसांत त्यांचा स्वतःचा फोन आला. त्या म्हणाल्या की पुष्कळ बायकांना हा आकडा सांगता येत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे, म्हणून त्या दुसरेही प्रश्न विचारतात. कुठलं काम थांबलं, कुठलं करता आलं. वयनी खूश झाली. ते तिला सांगता येत होतं. नारळ सोलता आला की नाही. विहिरीवरून भरलेली कळशी आणता आली की नाही. बसून जेवता आलं की उभ्यानं. तेव्हापासून ती फोनची वाट बघायची आणि महिनाभरातलं मनात साठवून ठेवायची. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदाच तिचं दुखणं ऐकायला कुणीतरी वेळ ठरवून बसत होतं.

माझी मुलगी मनू तेराव्या वर्षात असताना एक दिवस शाळेतून पोट धरून आली. दुसऱ्या महिन्यात पुन्हा, तिसऱ्यात ओकारीही झाली. आईनं बाळंतशोपा काढल्या आणि म्हणाली, सवय होईल, सगळ्यांना होते. वयनी आईच्या शब्दाबाहेर कधी गेली नव्हती. त्या दिवशी तिनं आईच्या हातातली वाटी काढून घेतली आणि ओट्यावर ठेवली.

"हिका सवय लावूची नाय," ती म्हणाली.

आईचा चेहरा उतरला. मला वाटलं आता वादावादी होणार. पण आई पाटावर बसली. मग तिनं जे सांगितलं ते मी तिच्या पोटचा मुलगा असून कधी ऐकलं नव्हतं. "माका पण असाच होय," आई म्हणाली. "गोठ्यात जावन पडंय मी. गुरांबरोबर. घरात पडलंय तर सासू काय म्हणात, ह्या भियान." वयनी तिच्याजवळ जाऊन बसली. त्या दोघी त्या दिवशी काय बोलल्या ते मला माहीत नाही, मी बाहेर आलो होतो.

मनूला घेऊन वयनी आणि सुमन गोव्याला गेल्या. डॉक्टरबाईंनी तपासलं. तो आजार असल्याचं काही आढळलं नाही, पण नाहीच असं आताच म्हणता येणार नाही, असं त्या म्हणाल्या. दुखण्यावर साध्या गोळ्या दिल्या, त्या कधी घ्यायच्या ते मनूला स्वतःला समजावलं, आणि सहा महिन्यांनी परत बोलावलं. गोळ्यांनी मनूला आराम पडला. येताना वयनीनं तिला बांद्याच्या बाजारात हिरव्या बांगड्या घेतल्या. मनू सांगते की काकी गाडीत एकच गोष्ट म्हणाली, की दुखलं तर ज्याला सांगावंसं वाटेल त्याला सांग, आणि त्यानं ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांग.

वयनी स्वतः मात्र सांगायला उशीर करून बसली. गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमचा खाडीच्या वरच्या अंगाला थोडा भाताचा मळा आहे. लावणीला माणसं मिळेनात म्हणून वयनी आणि दादा दोघं पाण्यात उतरली. पावसाळ्यात बोटी बंद असतात, दादा घरी होता. लावणी संपली आणि वयनीला ताप आला. पिंढऱ्या दुखतात म्हणाली, वाकून वाकून दुखत असतील म्हणाली, अंगदुखीची गोळी घेतली. डोळे पिवळे दिसायला लागले तेव्हा मी तिला गाडीत घालून हॉस्पिटलात नेलं. लेप्टो निघाला. चिखलातून, उंदरांच्या मुतातून होणारा तो ताप आमच्याकडे दर पावसाळ्यात कुणाला ना कुणाला नेतो. वेळेत औषध मिळालं तर माणूस वाचतो. तिच्या मूत्रपिंडांनी काम सोडलं होतं. ती शेवटपर्यंत शुद्धीवर होती आणि शांत होती. मी विचारलं, दुखतंय का. ती म्हणाली, "ह्या येगळा दुखणा." दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

डॉक्टरबाईंना मी फोन केला.  त्या म्हणाल्या की तुमच्या वहिनींनी दिलेलं सगळं आमच्याकडे आहे. नमुना आहे, इतक्या वर्षांची सगळी उत्तरं आहेत. तुमची हरकत नसेल तर ते काम तसंच चालू ठेवू. मी दादाला विचारलं. दादानं होय म्हणून मान हलवली.

बाराव्याला घर भरलं होतं. तिच्या माहेरची माणसं वेंगुर्ल्याहून आली होती, गावातली होती. पुरुष ओटीवर आणि बायका आत, माजघरात. जेवणं आटोपली होती. आतून बोलणं ऐकू येत होतं. गरीब गो, मूल नाय बाळ नाय. आयुष्यभर पोटाच्या दुखण्यान पिडली आणि शेवटाक त्याच दुखण्यान गेली. कुणीतरी म्हणालं की तिच्या आईचं तेच होतं. कुणीतरी म्हणालं की वेळेत पिशवी काढली असती तर जगली असती.

दादा ओटीवर खांबाला टेकून बसला होता. तो उठला आणि माजघराच्या दारात जाऊन उभा राहिला. बायका गप्प झाल्या. बाराव्याच्या दिवशी नवरा असा बायकांच्यात येऊन उभा राहत नाही.

"ती तापान गेली," दादा म्हणाला. "लेप्टोन. मळ्यात माज्या बरोबर होती म्हणान गेली. पोटाच्या दुखण्यान नाय." तो थांबला. आम्हाला वाटलं, झालं. पण तो पुढे बोलला, एकेक अक्षर तोंडात नीट धरून, धक्क्यावर नव्या बोटीचं नाव वाचावं तसं. "त्या दुखण्याचा नाव एंडोमेट्रिऑसिस. पिशवी काडून ता जाता असा नाय. ता तिच्या पापान झाला नव्हता, आणि ती सोंगा पण करी नव्हती. कोणाक तसा वाटला असला, तर आज ता मनातना काडून टाका."

मला वाटत होतं, दादाला ते नावही धड ठाऊक नसेल. हॉस्पिटलात तो चहाचा कप धरून बसला होता, तेव्हा तो ऐकत होता हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तो परत ओटीवर आला आणि होता तिथे बसला.  आत ताटं उचलण्याचा आवाज सुरू झाला.

माणसं पांगायला लागली तेव्हा मी पायऱ्यांपाशी चपला सरळ करून देत होतो. वयनीच्या चुलतबहिणीची सून, विशीबाविशीची, काजूच्या कारखान्यात कामाला असलेली, सगळ्यांच्या मागे राहिली. तिची सासू गाडीपाशी तिला हाका मारत होती. ती माझ्याजवळ आली, वर बघितलं नाही, चपलेत पाय घालता घालता हळू आवाजात म्हणाली, "मामानू, वेंगुर्ल्यासून त्या गोव्याच्या हॉस्पिटलाक जावचा तर गाडी खंयची धरूची?"

मी तिला गाडी सांगितली.